लाल कुठं दिसतंय?

भोसरीच्या एमआयडीसीत पूर्वी एखादा ब्रॅकेट तुटला की त्याचं विश्लेषण अर्ध्या मिनिटात उरकायचं. मालक तुटका तुकडा हातात घेऊन उलटसुलट बघायचा, वेल्डरकडे एक कटाक्ष टाकायचा आणि म्हणायचा, "पाचचा पत्रा होता ना? आठचा लाव." आठचा तुटला तर दहाचा. दहाचाही तुटला तर गिऱ्हाईक ओव्हरलोड करतंय, असा निकाल. या पद्धतीला लायसन्स लागत नव्हतं, तिच्यावर १८ टक्के जीएसटी नव्हता, आणि तिच्यातून निघालेली कित्येक यंत्रं अजून ठणठणीत चालू आहेत. जागची हलवायची म्हटलं तर क्रेन बोलवावी लागते, तेवढं सोडा.

हल्ली पत्रा जाड करायची सोय राहिलेली नाही. गाड्या बॅटरीवर चालायला लागल्या. बॅटरी आधीच जड, त्यात आपण दणकट पत्र्याचा ट्रे दिला की गाडी जेमतेम नाशिक फाट्यापर्यंत जाऊन चार्जर मागणार. म्हणजे पत्रा पातळ हवा आणि तुटताही कामा नये. हे दोन्ही एकदम जमवायचं तर वस्तू आधी कॉम्प्युटरमध्ये तोडून बघावी लागते. त्याला सिम्युलेशन म्हणतात. त्यात पत्रा वाया जात नाही, नुसतेच पैसे जातात.

माझा भाचा आणि त्याचे दोन भागीदार भोसरीतल्या एका गाळ्यात तीनचाकी इलेक्ट्रिक मालगाड्यांसाठी बॅटरीचे ट्रे बनवतात. भाचा मेकॅनिकल. दुसरा एमबीए, तो खर्च कमी करायला सांगतो. तिसरी सोलापूरची मुलगी. काम ती करते. अशा गाड्यांच्या बॅटरीला एआयएस-१५६ नावाच्या नियमावलीतून पार पडावं लागतं. तिथं पॅक तासन्‌तास थरथरवतात, हादरे देतात, गरम-गार करतात, मुद्दाम शॉर्ट सर्किट करून बघतात. एवढं सोसूनही जो गप्प राहतो तो पास. नमुना नापास झाला की नवा नमुना, नवी फी आणि पुन्हा रांगेत नंबर. तेव्हा आधी कॉम्प्युटरवर तोडणं स्वस्त, असं तिघांचं मत पडलं आणि सॉफ्टवेअरची शोधाशोध सुरू झाली.

भाच्याचा फोन आला. "मामा, डेमोला माणूस येतोय. तू येऊन बस."

"मी काय विचारायचं?"

"काही विचारू नकोस. अधूनमधून नुसतं ‘हं’ म्हण. पांढऱ्या केसांचा माणूस खोलीत असला की डिस्काउंट वाढतो."

जन्मभर डिझाइन ऑफिसात घालवल्यावर आपला नेमका उपयोग कशासाठी आहे हे कुणीतरी स्पष्ट सांगितलं, याचं बरं वाटलं.

सिम्युलेशनच्या डेमोचा एक ठरलेला क्रम असतो. आधी रेसिंग कार येते, तिच्यावरून हवेच्या रंगीत रेघा वाहतात. मग विमानाचा पंख वाकतो. मग हृदयाची झडप उघडते, मिटते, आणि खोलीतला पन्नाशीपुढचा प्रत्येक माणूस मनातल्या मनात आपलं कोलेस्टेरॉल आठवतो. मग चहा. चहाबरोबर प्रश्न येतो, "सर, आपलं ॲप्लिकेशन काय आहे?"

"बॅटरीचा ट्रे," भाचा म्हणाला. "पत्र्याचा. चार ब्रॅकेट, वेल्डिंग."

डेमो द्यायला आलेल्या मुलाचा चेहरा पडला. लगेच सावरला, पण पडला तो मी बघितला. तरी पोरगं गुणी होतं. त्याने आमच्या ट्रेचं मॉडेल आत घेतलं, त्याच्यावर मेश टाकली, म्हणजे अख्ख्या ट्रेचे बारीक बारीक तुकडे पाडले, बॅटरीचं वजन ठेवलं आणि बटण दाबलं. थोड्या वेळाने आमचा करडा ट्रे पडद्यावर इंद्रधनुष्यात न्हाऊन निघाला.

आता इथं सिम्युलेशनचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न येतो. गाळ्याचा मालक, परचेसचा माणूस, बँकेचा अधिकारी, पैसे घालणारा, सगळे एकच प्रश्न विचारतात : "लाल कुठं दिसतंय?" निळं म्हणजे बरं, हिरवं म्हणजे चालेल, लाल म्हणजे गेलं. तर एका ब्रॅकेटचा कोपरा लालभडक होता. खोलीत शांतता पसरली. त्या मुलाने शांतपणे बाजूच्या रंगपट्टीवर क्लिक केलं, सगळ्यात वरचा आकडा १८० होता तो ३०० केला. ट्रे निळा झाला. पत्रा तोच, वजन तेच, ताण तोच. पण सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि एमबीएने मान डोलावून "व्हेरी गुड" म्हटलं. मी त्या दिवसातलं पहिलं ‘हं’ तिथं वापरलं.

दुसऱ्या दिवशी कोटेशन आलं. ज्याने पुण्यात फ्लॅट घेतलाय त्याला ते वाचायला जड जाऊ नये. जाहिरातीतल्या दरात फक्त भिंती येतात. पार्किंग, फ्लोअर राइझ, क्लब हाउस आणि दोन वर्षांचा आगाऊ मेंटेनन्स खाली एकेका ओळीने उगवत जातात. इथंही मूळ पॅकेजमध्ये वस्तू थोडीशी वाकते आणि सोडली की पुन्हा सरळ होते. कायमची वाकडी करायची असेल तर नॉनलिनिअर, वेगळे पैसे. थरथरवायची असेल तर वेगळे. लाखो वेळा हलवून थकवायची असेल तर फटीग, त्याचे वेगळे. शिवाय दरसाल सपोर्ट. लायसन्स एकाच कॉम्प्युटरला बांधलेलं हवं की तिघांत फिरणारं हवं, कायमचं हवं की वर्षाच्या भाड्याचं, या प्रत्येक ‘की’ला दर होता.

भाच्याने हौसेने १६ कोअरचा कॉम्प्युटर घेतला होता. मूळ लायसन्सवर त्यातले चार चालणार होते.

"पण उरलेले बारा आमचेच आहेत ना?" भाच्याने फोनवर विचारलं.

"आपलेच आहेत सर. वापरायचा पॅक वेगळा."

या बाबतीत मला अबॅकस या दुसऱ्या सॉफ्टवेअरची पद्धत जास्त रसिक वाटते. तिथं टोकनं असतात. गणित एका कोअरवर सोडवायचं तर पाच टोकनं, दोनवर सहा, चारवर आठ, आठवर बारा, सोळावर सोळा. यामागे सूत्र आहे : कोअरच्या संख्येचा ०.४२२ वा घात करायचा, त्याला पाचाने गुणायचं आणि अपूर्णांक सोडून द्यायचा. ०.४२२! हा घातांक ज्या बैठकीत ठरला त्या बैठकीच्या चहाचे पैसे मी भरायला तयार आहे, मला फक्त एका कोपऱ्यात बसू द्या.

कोटेशनच्या तळाची बेरीज बघायला भाच्याने मोबाइल आडवा धरला. उभ्यात मावत नव्हती. "घाई करू नका," मी म्हटलं, "मार्च एंडपर्यंत थांबा." आणि खरंच, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात त्या आकड्याला वितळायची घाई झाली. सोमवारी वीस टक्के सूट होती, बुधवारी पस्तीस, शुक्रवारी संध्याकाळी थेट वरिष्ठांचा फोन, "सर, तुमचं बजेट काय ते सांगा, आपण बसवू." जी वस्तू आठवड्यात निम्म्यावर येते तिची मूळ किंमत कुणी आणि कशावरून ठरवली असेल, हे मात्र कुठल्याही सिम्युलेशनमध्ये निघत नाही.

गंमत म्हणजे या सॉफ्टवेअरमधली बरीचशी घराणी जन्माला आली सरकारी पैशावर. नास्त्रानच्या नावातच नासा आहे. अमेरिकेला चंद्रावर जायची घाई होती त्या दशकात रॉकेटचे सांगाडे तपासायला नासाने तो प्रोग्राम लिहून घेतला आणि १९७१ मध्ये बाहेरच्यांनाही खुला केला. एलएस-डायना त्याहून जहाल कुळातला. त्याचा पूर्वज १९७६ मध्ये लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत जॉन हॉलक्विस्ट यांनी लिहिला तो कमी उंचीवरून टाकलेला अणुबाँब जमिनीवर आपटल्यावर त्याचं काय होतं हे पाहण्यासाठी. आज तोच हातातून निसटलेल्या मोबाइलची काच बघतो. अॅन्सिसचे जनक जॉन स्वान्सन वेस्टिंगहाउसमध्ये अणुशक्तीच्या कामावर होते. नोकरी सोडून १९७० मध्ये त्यांनी शेतावरच्या घरात बसून धंदा सुरू केला, म्हणजे भोसरीचा गाळा तरी जास्त इंडस्ट्रिअल म्हणायचा. ते शेतघर २०२५ मध्ये सिनॉप्सिसने सुमारे ३५ अब्ज डॉलरला विकत घेतलं. त्याच वर्षी सीमेन्सने अल्टेअर ही सिम्युलेशनचीच दुसरी कंपनी सुमारे १० अब्ज डॉलरला घेतलं. एवढी रक्कम ओतली की ती कुणाकडून तरी वसूल व्हायचीच. त्यात आपला वाटा नेमका कुठल्या ओळीत धरलाय, ते भाचा कोटेशनमध्ये शोधत बसला.

स्टार्टअपना स्वस्तात देण्याच्या योजना बड्या कंपन्यांकडे असतात, नाही असं नाही. कंपनीचं वय कोवळं हवं, उलाढाल किरकोळ हवी. सोय चांगली आहे, पण कंपनी मोठी झाली, चार गिऱ्हाइकं मिळाली, सगळी मॉडेलं त्याच सॉफ्टवेअरमध्ये अडकली, की योजना संपते आणि खरा दर दारात उभा राहतो. एमबीएला ही योजना फार आवडली. तो म्हणाला, "बिझनेस मॉडेल म्हणून सुंदर आहे." आपण त्या मॉडेलमध्ये कुठल्या बाजूला आहोत याचा त्याने विचार केलेला नसावा.

मधल्या काळात सल्लागार वाढले. एक म्हणाला, कॉलेजातल्या मित्राची विद्यार्थ्यांची आवृत्ती वापरा. ती धंद्यासाठी वापरायची नाही, असं करारात लिहिलेलं असतं. तो करार आजवर कुणी वाचल्याचं ऐकिवात नाही, आम्ही वाचला. शिवाय अबॅकसची विद्यार्थ्यांना फुकट मिळणारी आवृत्ती हजार नोडला थांबते. आमच्या ट्रेच्या एका भोकाभोवती नीट मेश बसवायची तरी हजार संपतात. बाकी ट्रे विद्यार्थ्याने पास झाल्यावर करावा.

दुसरा सल्लागार पेनड्राइव्हवाला. हा प्रत्येक इंडस्ट्रिअल इस्टेटमध्ये असतो. तो कधी नाव सांगत नाही आणि बिल देत नाही. "सगळी मॉड्यूलं आहेत, फक्त नेट बंद ठेवा." इथं मात्र मी ‘हं’वर थांबलो नाही. कॉपीराइट कायद्यात ६३-ब नावाचं कलम आहे. बेकायदा प्रत आहे हे माहीत असताना कॉम्प्युटरवर वापरली तर कमीत कमी सात दिवस आणि जास्तीत जास्त तीन वर्षं कैद, वर पन्नास हजार ते दोन लाख दंड. "सात दिवस म्हणजे गणपतीची सुट्टी धरली तर..." एमबीए हिशोब करायला लागला. सोलापूरच्या मुलीने पेनड्राइव्ह उचलून त्या माणसाच्या हातात परत ठेवला आणि म्हणाली, "काका, फुकटचंच वापरायचंय ना? मग खरंखुरं फुकट आहे की. ते वापरू."

आणि तिने यादी वाचायला घेतली. कॅल्क्युलिक्स : म्युनिकच्या एमटीयू या विमानांची इंजिनं बनवणाऱ्या कंपनीतल्या गिडो डोंट आणि क्लाउस विटिग यांनी लिहिलेलं, आणि भाषा अशी की अबॅकसची फाइल त्याला बरीचशी कळते. फ्रीकॅड : काम २००२ मध्ये सुरू झालं आणि १.० ही आवृत्ती निघाली नोव्हेंबर २०२४ मध्ये. बावीस वर्षं. आपल्याकडच्या उड्डाणपुलांना नावं ठेवणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. फिनलंडचं एल्मर. हवा-पाण्यासाठी लंडनच्या इम्पीरिअल कॉलेजातून निघालेलं ओपनफोम, २००४ पासून सगळ्यांना खुलं. पुढे त्या घरात वाटण्या झाल्या. आता त्याच्या निरनिराळ्या शाखा आहेत, आणि कुठली उतरवून घ्यायची हे ठरवण्यातच नवख्याचा रविवार जातो. ते शिकवायला आपल्याकडे मुंबई आयआयटीचा फॉसी नावाचा प्रकल्प आहे, सरकारी पैशावर चालणारा आणि खरोखर चालणारा.

सगळ्यात भारदस्त कोड-आस्टर. ईडीएफ या फ्रान्सच्या वीज कंपनीने आपल्या अणुभट्ट्यांसाठी १९८९ पासून लिहायला घेतलं आणि २००१ मध्ये सगळ्यांना मोकळं केलं. ईडीएफ म्हणजे तीच, जिच्या अणुभट्ट्या रत्नागिरीत जैतापूरला यायच्या आहेत. भट्ट्यांचं घोडं अडलंय, सॉफ्टवेअर मात्र एका क्लिकवर येऊन पोचलं. फक्त त्याच्या आज्ञा फ्रेंचमध्ये आहेत. भार टाकायचा तर ‘आफे-शार-मेका’ म्हणायचं, टोक जखडायचं तर ‘डीडीएल-इम्पो’. इंग्रजी मॅन्युअल आहे, पण बरंचसं यंत्राने भाषांतरित केलेलं. त्यातली काही वाक्यं वाचताना मेंदूवर येणारा ताण कुठल्याच रंगपट्टीत बसणार नाही. भाच्याने फ्रेंचच्या क्लासची फी काढून बघितली. सॉफ्टवेअरपेक्षा स्वस्त होती, हे खरं.

शेवटी कॅल्क्युलिक्स ठरलं, आणि ते चालवायला स्लोव्हेनियात तयार झालेलं प्रीपोमॅक्स, कारण त्यात निदान बटणं आहेत. दोन्ही फुकट. उतरवून घ्यायला वेळ लागला तो फक्त भोसरीच्या नेटमुळे. १६ कोअर बघून सॉफ्टवेअरने टोकनं मागितली नाहीत. भाच्याला पहिले काही दिवस आपण काहीतरी गुन्हा करतोय असंच वाटत होतं.

फुकट सॉफ्टवेअरचा स्वभाव लवकरच कळला. ते काही विचारत नाही. या जातीच्या प्रोग्रामांना एककंच माहीत नसतात. तुम्ही मिलिमीटर म्हणा, फूट म्हणा, वीत म्हणा. ते आकडे घेतं आणि आकडे देतं. मिलिमीटर आणि न्यूटन धरले की ताण मेगापास्कलमध्ये येतो, पण मग वस्तुमान टनात मोजावं लागतं आणि पोलादाची घनता लिहावी लागते ७.८५ गुणिले दहाचा उणे नववा घात. भाच्याने एके संध्याकाळी सवयीने पुस्तकातली ७८५० लिहिली आणि ब्रॅकेटला फक्त त्याच्या स्वतःच्या वजनाखाली सोडलं. सॉफ्टवेअरने हूं की चूं केलं नाही. चित्र नेहमीइतकंच देखणं आलं : निळं अंग, हिरवट कड, बोल्टपाशी इवलंसं लाल. भाच्याने ते तिघांच्या ग्रुपवर टाकलं, खाली लिहिलं, "ऑल ओके."

सोलापूरची मुलगी चित्रं बघत नाही, रंगपट्टीवरचे आकडे वाचते. त्या आकड्यांच्या शेपटीला ‘ई प्लस बारा’ वगैरे लटकत होतं. तिने कागदावर दोन ओळींचं गणित केलं आणि भाच्याला म्हणाली, "तुझा दोन किलोचा ब्रॅकेट दोन अब्ज टनांचा झालाय. आरटीओ पासिंग कसं करायचं ते सांग."

असाच किस्सा माझ्या पट्टीचा. कुठलंही सॉफ्टवेअर घेतलं तरी आधी त्याला एक सोपी पट्टी वाकवायला लावायची, हा माझा आग्रह. २०० मिलिमीटर लांब, ४० रुंद, १० जाड, एक टोक भिंतीत, दुसऱ्या टोकावर ५०० न्यूटन. हे गणित भंडारींचं मशीन डिझाइनचं पुस्तक वाचलेल्या कुठल्याही पोराला येतं. मी ते त्याच कोटेशनच्या पाठीमागे केलं. कोटेशनचा कागद फार चांगल्या प्रतीचा होता. उत्तर : मुळाशी ताण १५० मेगापास्कल, टोक खाली १.९ मिलिमीटर. कॉम्प्युटर म्हणाला, ०.८.

"मामा, कॉम्प्युटर लाखभर समीकरणं सोडवतो," भाचा म्हणाला. त्यात ‘आणि तू पेन्सिलने करतोस’ हे अध्याहृत होतं.

सोलापूरची वाकून बघायला आली. भाच्याने पट्टीचे जे तुकडे पाडले होते ते चार कोपऱ्यांचे साधे पिरॅमिड होते, जाडीत जेमतेम एक. हे पिरॅमिड वाकायला फार नाखूश असतात. सगळ्या पाठ्यपुस्तकांत त्यांच्याबद्दल इशारा आहे आणि सगळे नवशिके तेच आधी वापरतात, कारण गणित झटकन सुटतं. तिने प्रत्येक कडेच्या मधोमध एकेक बिंदू वाढवून त्यांना दहा बिंदूंचं केलं. उत्तर आलं १.९. मी पेन्सिल खिशाला लावली. हेच पाप महागड्या सॉफ्टवेअरमध्ये केलं असतं तरी ०.८च आलं असतं, फक्त रंग जरा जास्त खुलले असते.

मग कोपऱ्याची भानगड. ट्रेच्या आतल्या काटकोनात ताण २१० आला. खात्री करावी म्हणून मेश बारीक केली, २९० आला. आणखी बारीक, चारशेच्या वर. जितकं बारकाईने बघावं तितकं वाईट दिसायला लागलं. एमबीए म्हणाला, "मग बारकाईने बघायचं कशाला?" व्यवस्थापनशास्त्रात हा दृष्टिकोन मान्य असेल. सोलापूरची म्हणाली, कागदावरचा अगदी धारदार कोपरा गणितात कधीच शमत नाही, मेश बारीक करत राहिलात तर ताण अनंताला जाईल. कोपऱ्याला गोलाई द्या. भाचा गोलाई किती द्यायची ते विचारायला फॅब्रिकेटरकडे गेला. त्याने ड्रॉइंगकडे न बघताच सांगितलं, "साहेब, काटकोनात पत्रा वाकतोय कुठं? तीनचा रेडियस तर आपोआप पडतो. नाहीतर पत्राच चिरंल." अनंताकडे निघालेला ताण प्रेस ब्रेकवरच्या त्या माणसाने दहा सेकंदांत परत आणला.

तरी एमबीएच्या मनातली शंका जाईना. फुकटच्या वस्तूवर विश्वास कसा ठेवायचा? त्याला मी दोन गोष्टी सांगितल्या. एक, नाफेम्स नावाची संस्था १९८३ मध्ये ब्रिटनमध्ये निघाली. तिने काही गणितं आणि त्यांची उत्तरं जाहीर करून ठेवली आहेत. त्यातल्या जाड तबकडीच्या गणिताचं उत्तर आहे उणे ५.३८ मेगापास्कल. तुमचं सॉफ्टवेअर लाखाचं असो की फुकटचं, त्याच्या जवळपास यायचं, नाहीतर घरी जायचं. सोलापूरच्या मुलीने ते जेवायच्या सुट्टीत सोडवून दाखवलं.

दुसरी गोष्ट नॉर्वेची. २३ ऑगस्ट १९९१ ला स्टाव्हांगरजवळच्या फ्योर्डमध्ये स्लाइप्नर-ए या तेल-वायूच्या प्लॅटफॉर्मचा प्रचंड काँक्रीटचा तळ चाचणीसाठी पाण्यात उतरवत होते. ६५ मीटरच्या आसपास एक भिंत फुटली आणि सगळा डोलारा समुद्राच्या तळाशी गेला. तिथं आपटला तेव्हा भूकंपमापकांवर ३ रिश्टरची नोंद झाली. माणसं वाचली, नुकसान सुमारे ७० कोटी डॉलर. विश्लेषण नास्त्रानवर झालं होतं, नासाच्या त्याच थोर घराण्यातल्या. सॉफ्टवेअरने काही चूक केली नव्हती. नेमक्या त्या भिंतींपाशी मेश ओबडधोबड होती आणि त्यामुळे कातर ताण ४७ टक्के कमी निघाला. नंतर शांतपणे गणित पुन्हा केलं तर उत्तर आलं, ६२ मीटरवर फुटेल.

एमबीए बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे महागडं घेऊनही ते बुडतंच?" मी म्हटलं, हं.

फुकट वस्तूचा खरा वैरी मात्र निघाला अकाउंटंट. तो आमच्या परिचयाचा, मुरलेला. त्याने वर्षाचे कागद चाळले. "सॉफ्टवेअरचं बिल कुठाय?"

"फुकट आहे, काका."

"असू दे फुकट. बिल कुठाय?"

"बिल नाही."

"मग घसारा कशावर लावू? इनपुट क्रेडिट कशाचं घेऊ?" तो कळवळून म्हणाला. "अरे, निदान काहीतरी विकत घ्यायचंत. एवढं टेक्निकल काम करता आणि खर्च शून्य दाखवता. बघणाऱ्याला संशय नाही का येणार?"

बघणाऱ्याला संशय आलाच. पहिलं मोठं गिऱ्हाईक गाडी बनवणारं. त्यांच्या डिझाइन विभागाने रिपोर्ट मागितला आणि पहिल्याच पानावर बोट ठेवलं : सॉफ्टवेअरचं नाव? कॅल्क्युलिक्स हे नाव ऐकून समोरच्याने ते पुन्हा उच्चारून बघितलं. होमिओपॅथीचं औषध असावं असा त्याचा चेहरा झाला. नावाजलेल्या सॉफ्टवेअरमधला रिपोर्ट द्या, म्हणाले. मग बाणेरला बसणाऱ्या एका कन्सल्टंटला तेवढं काम जॉबवर दिलं. त्याच्याकडे लायसन्स होतं आणि उरलेले बारा कोअर वापरायचा पॅकसुद्धा. त्याचा आकडा आणि सोलापूरच्या मुलीचा आकडा यात दोन-तीन टक्क्यांचा फरक. पण त्याचा रिपोर्ट साठ पानांचा होता, चकचकीत, आणि त्यातली कित्येक पानं ‘या निष्कर्षांची जबाबदारी आमच्यावर नाही’ हे निरनिराळ्या शब्दांत सांगण्यासाठी खर्ची पडली होती. डिझाइन विभागाने पानं उलटली. "लाल कुठं दिसतंय?" लाल नव्हतं. सही झाली.

राहिला परचेस. परचेस मॅनेजर पंचेचाळिशीचा, चष्मा कपाळावर, समोर एक्सेल उघडलेलं. भाच्याच्या कॉस्टिंगची एकेक ओळ तो खाली उतरत होता. पत्रा, कटिंग, बेंडिंग, वेल्डिंग, पावडर कोटिंग, पॅकिंग. एका ओळीवर थांबला. "हे इंजिनिअरिंगचे नगाला चौदा रुपये कसले?"

"सर, डिझाइन आणि सिम्युलेशन."

"कुठलं सॉफ्टवेअर वापरता रोज?"

भाच्याची छाती फुगली. "ओपन सोर्स, सर. संपूर्ण फुकट. एक पैसा लायसन्सला जात नाही."

परचेस मॅनेजरने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. "फुकट आहे?"

"संपूर्ण."

"मग हे चौदा रुपये कशाचे?" आणि त्याने कर्सर त्या ओळीवर नेऊन ठेवला.

भाचा माझ्याकडे बघायला लागला. एमबीए टेबलाकडे. माझ्याजवळ ‘हं’शिवाय काही नव्हतं.

"ते चौदा रुपये म्हणजे मी," सोलापूरची मुलगी म्हणाली.

परचेस मॅनेजरने तिच्याकडे नीट पाहिलं, थोडा विचार केला आणि अकरा लिहिले.